डावा कान

लिएपायात वारा कधी तालात वाहत नाही.
बंदराकडून येतो, ट्रामच्या तारेला अडखळतो,
मग एकदम धावत सुटतो.
आणि मी त्याच गावची ड्रमवाली,
डाव्या कानात मटाराएवढं यंत्र खोचून बसते:
टक टक टक टक,
मिनिटाला एकशे बारा, ना एक जास्त ना एक कमी.

बाकी कुणालाच ऐकू येत नाही ते.
सानिताला नाही, व्हिस्वाल्डिसना नाही,
समोर बिअरचे ग्लास घेऊन उभ्या
दीडशे माणसांना तर नाहीच.
दाढदुखी जशी ज्याची त्याला
तसं हे क्लिक.

राइतिसच्या लॅपटॉपमध्ये आमचा अर्धा बँड राहतो.
चार व्हायोलिनं, एक चर्चची घंटा
आणि सोळा सानिता,
एकाच दुपारी, त्याच्या स्वयंपाकघरात,
एकीवर एक थर चढवत रेकॉर्ड केलेल्या.
अकराव्या सानिताच्या 'आ'मागे
किटलीचं झाकण थडथडतं.
काढून टाकतो म्हणाला राइतिस, मग राहूनच गेलं.
आता प्रत्येक कार्यक्रमात, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी,
पाणी उकळतं.
वेंट्स्पिल्सला उकळलं, टार्टूला उकळलं,
एकदा भर उन्हात, मासळीच्या जत्रेत उकळलं.
मला वाटतं, आमच्या गाण्यात तेवढंच काय ते
चुकून झालेलं.

व्हिस्वाल्डिस एकाहत्तर वर्षांचे.
चाळीस वर्षं तारेच्या कारखान्यात,
आणि शनिवारी लोकांच्या लग्नांत अकॉर्डियन.
कानात काही घालणार नाही म्हणाले.
"भोंगा ऐकलाय तेवढा पुरे."
मग ठरलं, त्यांनी माझ्या उजव्या खांद्याकडे बघायचं.
खांदा खाली, की एक.
झोपेतसुद्धा आता तो खांदा
कुणीतरी बघत असल्यासारखा जपते मी.

काल रात्री, तिसऱ्या गाण्यात,
पहिल्या रांगेत एक बाई रडायला लागली.
मोठ्यानं नाही. ग्लास तसाच हातात, तिरका.
व्हिस्वाल्डिसनी ते पाहिलं,
माझ्या खांद्यावरची नजर काढली
आणि भाता उघडला, तो उघडतच गेला,
एकच सूर धरून,
हातात सामान असलेल्या माणसासाठी
कुणी दार धरून उभं राहावं तसे.
एक मात्रा. दीड.
सम तिथे, त्या बाईपाशी जाऊन थांबली होती.
मला दिसत होती.

आणि डाव्या कानात: टक.
मागून सोळाजणी यायला निघालेल्या,
त्यांना कोण थांबवणार?
राइतिसनं भुवया उंचावल्या.
माझी काठी हवेत.
'ताल सुटला' ही आजवर
शिवी समजत आले मी.

मी यंत्राबरोबर गेले.

म्हाताऱ्यानं भाता आवळला, दोन सूर गिळले
आणि सुटलेली ट्राम पकडावी
तसा धावत गाण्यात चढला.
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
किटली उकळली, टाळ्या झाल्या,
बाईनं ग्लास सरळ केला.

नंतर मागच्या दारी, व्हॅनपाशी, केबल गुंडाळताना
ते अकॉर्डियनचे पट्टे लावत म्हणाले,
"आज अगदी बिनचूक वाजवलंस, पोरी."
मायेनं म्हणाले. तेच तर.
राइतिस म्हणाला, पुढच्या वेळी फाइलमध्ये
तिथे दोन मात्रा रिकाम्या सोडतो,
कुणाला रडायचं असेल तर.
सानिता हसली. मीही हसले,
जरा उशिरा.

घरी आले. यंत्र डबीत, डबी खणात.
डाव्या कुशीवर झोपले, कान उशीत दाबून.
बाहेर पत्र्याशी वारा,
थांबत, धावत, पुन्हा थांबत.
मोजायला लागले सवयीनं,
एक कुठे म्हणावं तेच कळेना.